छबूबाईंचा कोबा

आमच्या शेजारच्या छबूबाई म्हणजे एक नंबरच्या हट्टी. मी हे त्यांच्या तोंडावर सांगते आणि त्या हसतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगणातला काँक्रीटचा कोबा उंबऱ्याच्या बाजूनं खचला. पुणतांब्याची काळी माती ती, उन्हात तडकते आणि बसते, त्यात नवल काही नाही. पण नेमका तेव्हाच त्यांचा मुलगा रविराज बंगळूरूहून आलेला. नात सृष्टी त्या कडेला अडखळली आणि पोरीची हनुवटी फुटली. सून म्हणाली, "हे नीट होईपर्यंत हिला इथं आणायची नाही." माणूस रागात बोलतं. छबूबाईंनी मात्र ते धरूनच ठेवलं.

यंदा रविराज फोनवर म्हणाला, "बघू, मेमध्ये जमलं तर येतो." झालं. बाईंनी लगेच सोपान गवंड्याला बोलावणं धाडलं.

सोपान म्हणाला, "मावशी, आत्ता माती आटल्याली हाय. आत्ता उचलला तर पावसात फुगून लई वर यील. दिवाळीनंतर बघू."

"नात मे महिन्यात यायची, अन् तू मला दिवाळी सांगतो व्हय? उचल."

त्यांच्यापुढं कुणाचं चालतंय? सोपाननं कडेनं उकरलं, टेम्पोचा जॅक लावला, कोबा हळूहळू उंबऱ्याबरोबर आणला आणि खाली मुरूम ठासला. छबूबाई त्यावर अनवाणी फिरून आल्या, कुठं ठेच लागते का बघत. मग त्यांनी फाटक सताड उघडून ठेवलं ते ठेवलंच. रस्त्यावर गाडी वाजली की पदर सारखा करत बाहेर यायच्या. मला त्यांचा राग यायचा, आणि घरात येऊन मीच डोळे पुसायची.

मे गेला. रजा मिळाली नाही म्हणे. पुढं पाऊसकाळात माती फुगली, कोबा वर आला आणि उघडं फाटक त्याच्यावर घट्ट अडकलं. आत हलेना, बाहेर हलेना. सोपान कटर घेऊन आला. "खालची पट्टी कापतो मावशी, मग बंद व्हईल."

"ऱ्हाऊ दे," छबूबाई म्हणाल्या.

मी चिडलेच. "अहो काकू, कुत्री शिरतात आत."

"शिरू दे गं. पोरगी आली अन् तिला फाटक बंद दिसलं, तर?"