कालव्याच्या पुलावर उतरलेली करवली

आमच्या वडिलांना सरळ प्रवास म्हणून करताच येत नसे. मास्तर होते, पण शाळेत शिकवून त्यांचं भागायचं नाही. एसटीत बसलं की शाळा सुरू. डोंगर दिसला की डोंगर, ऊस दिसला की ऊस, आणि परतताना ठरलेला प्रश्न, "काय, आज नवीन काय शिकलात?" लोक म्हणत, पोरं नशीबवान. नशीब कसलं डोंबलाचं!

बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या उन्हाळ्यात मामाचं लग्न निघालं, संगमनेरजवळच्या गावात. आई त्याची एकुलती एक बहीण, मानाची करवली. अक्षता पडताना नवरदेवाच्या मागं पाण्याचा करा घेऊन तिनंच उभं राहायचं होतं. वडिलांच्या परीक्षेच्या ड्युटीपायी हळद आधीच हुकली होती, म्हणून आम्ही श्रीरामपूरहून सकाळची पहिली गाडी धरली.

वाटेत कालव्याच्या पुलाशी गाडी थांबली आणि वडील उठलेच. "उतरा! पोरांना दरवाजे दाखवू. पाणी कसं सोडतात ते पुस्तकात नाही कळत."

"अवो, लगीन हाय," आई म्हणाली.

"दुपारी आहे. मागून दुसरी गाडी आहेच की."

कंडक्टरसुद्धा म्हणाला, "मास्तर, लग्नसराई हाय, मागची भरून येईल." ऐकतील तर शपथ! सामान उतरलं, सामानामागं आई उतरली.

दरवाजे, पाट, शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्या, सगळं शिकलो. मागची गाडी खच्चून भरलेली आली आणि थांबलीच नाही. तिच्यामागचीही तशीच गेली. आई नवं लुगडं नेसून उन्हात उभी, आणि वडील माझ्या भावाला सांगताहेत, दुपारी सावली आखूड का होते! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

शेवटी खडीच्या ट्रकनं पोचलो, तेव्हा मांडवात पंगत बसली होती. करा शेजारच्या पोरीनं धरला होता. "आक्के, लई वाट बघितली गं," मामा म्हणाला, "भटजी थांबंना." आईनं आत जाऊन भावजयीची ओटी भरली.

आणि परतीच्या गाडीत त्या माणसानं विचारलंच, "काय, आज नवीन काय शिकलात?"

भावानं तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "मी शिकले. गाडीत बसल्यावर तुमच्या मागं उतरायचं न्हाई."

वडील हसले. त्यांना ती चेष्टा वाटली.

पुढच्या वर्षी मामाच्या लेकीच्या बारशाला निघालो. दुष्काळ पडलेला, कालवा ठणठणीत कोरडा. तरी पुलाशी वडील उठले, "उतरा, कोरडा कालवाही बघण्यासारखा असतो," म्हणत खालीसुद्धा गेले. आई जागची हलली नाही. आम्हा दोघांची मनगटं तिनं घट्ट धरली होती. कंडक्टरनं बेल मारली.

आईनं मागं पाहिलं नाही. मी पाहिलं. वडील रस्त्यात एकटेच उभे होते, आणि मला लई बरं वाटलं.