पेशीचं कूळ

"ही आमची धनगरीण. मेंढरांऐवजी पेशी मोजते."

सांगलीच्या कॉलेजात, पाहुण्यांपुढे, माझे गाईड असं म्हणाले. हॉल हसला. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

काम माशाच्या अंड्यातल्या गर्भाचं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. मायक्रोस्कोपचा व्हिडिओ थांबवत थांबवत मी त्या मोजायच्या, एवढीच माझी लायकी. गणित सरांचं, म्हणजे माझ्या गाईडचं. सगळ्या पेशी एका ठोक्याला विभागतात, असं त्यांचं समीकरण. थोर माणूस. गर्भ त्यांनी फक्त फळ्यावर पाहिलेला.

सुरुवातीला आकडे जुळले. पुढे जुळेनात.

"मोजायला चुकलीस. वीसपर्यंत तरी येतं ना?" सर म्हणाले.

नाचता येईना, अंगण वाकडं. इथं अंगण मी.

सुट्टीत माण तालुक्यात घरी गेले. आई मेंढरं आत घेत होती.

"आये, मोजत न्हाईस व्हय?"

"मोजून काय कळतंय? कंचं कुणाचं त्ये बगायचं. मेंढी वरडाय लागली की समजायचं, तिचं कोकरू मागं ऱ्हायलंय."

परत आल्यावर मी प्रत्येक पेशीपुढे तिच्या आईचा नंबर लिहिला. मग दिसलं. एका आईच्या दोघी जवळपास बरोबरच विभागायच्या. दुसरीच्या दोघी मागाहून, पण त्याही बरोबरच. उशीर आईकडून लेकींकडे येत होता. माझं कूळ पहिल्याच दिवशी विचारणाऱ्या माणसाला पेशीचं कूळ विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

सरांनी तक्ता पाहिला न पाहिला, परत सरकवला.

"समीकरणाला जुळतील ते आकडे लिही. पेपर पाठवायचाय. नाहीतर थिसिसवर सही विसर."

माझी चार वर्षं त्या सहीवर अडकलेली. भीती वाटली. खूप वाटली.

"न्हाई लिवणार," मी म्हणाले. घरची बोली त्या केबिनमध्ये पहिल्यांदाच तोंडातून निघाली.

"काय?"

"आकडा हाय त्योच ऱ्हाईल."

सही अजून मिळालेली नाही. पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये सरांचं व्याख्यान आहे. तक्ता घेऊन मी पहिल्या रांगेत बसणार. सगळ्या पेशी एकदम विभागतात असं ते म्हणाले, की उभी राहून विचारणार, कुठली पेशी, कुणाची? ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. मी हसणार नाही.