भारद्वाजाचा उजवा पंख

“मोडला व्हता डावा पंख. मग चिंधी उजव्याला कशी?”

कुशाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांचे नवरे म्हस्कूआबा गोठ्याकडं बघत म्हणाले, “पाखरू फिरून बसलं आसंल.”

“फिरून बसल्यानं डाव्याचा उजवा व्हतो का, अवं?”

सून पूनमनं हसू दाबायला कणकेच्या परातीत मान घातली.

कुत्र्यानं धरलेला हा भारद्वाज कुशाबाईंनीच उसातून उचलून आणला होता. बापाच्या मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेलेली बाई. कोकराचा मोडका पाय बांधायचं लहानपणापासून हातात बसलेलं. लग्न होऊन वरवंडला आल्या, पुढं मेंढरं विकली, ऊस लावला, तरी कोणी लंगडताना दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. जुन्या धोतराच्या चिंधीनं त्यांनी पाखराचा डावा पंख अंगासरसा बांधला. बी.कॉम. झालेली पूनम त्याच्यासाठी नाकतोडे धरण्यात तरबेज झाली.

तिथवर सगळं ठीक होतं. मग शेजारचा ज्ञानेश रांजणगावला मुलाखतीला निघताना डोकावला, भारद्वाज बघून गेला आणि कंपनीत चिकटला.

भारद्वाज दिसला की काम होतं, हे गावाला ठाऊकच होतं. अडचण एकच, तो अचानक दिसावा लागतो. मुद्दाम बघितलेला चालत नाही. यावर आबांनी तोडगा काढला. पाखरू वेताच्या पाटीखाली झाकून ठेवायचं. माणसानं हेल्मेट घालून, कामाला निघाल्यासारखं फाटकापर्यंत जायचं. पूनमनं पाटी उचलायची. माणसानं सहज मागं वळून म्हणायचं, “अरे, भारद्वाज!” दचकणं खरं वाटलं नाही, तर आबा पुन्हा फाटकापर्यंत पाठवत. गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीला उभे असलेले सर्जेराव दोनदा छान दचकले, पण दोन्ही वेळा पाखरानं त्यांच्याकडं शेपूट केलं. संध्याकाळी त्यांच्याविरुद्ध उभे असलेले बाळासो आले, तेही दचकून गेले.

आजवर सोसायटीतलं कोणी आबांच्या दारात चहाला थांबलं नव्हतं. आता आबा फाटकात खुर्ची टाकून बसत.

“कवा बांधली चिंधी?” कुशाबाई हटल्या नाहीत.

“काल. डाव्याची सोडून उजव्याला. डावा जुळलाय, तू उडवून लावशील म्हणून. रविवारी मतदान हाय, सर्जेरावला शब्द दिलाय मी.”

“आन् बाळासोला?”

“त्यालाबी दिलाय.”

“मग दोघंबी एकाच जागंवर निवडून येणार?”

“त्ये पाखरानं बघावं. आपलं काम दाखवायचं.”

कुशाबाईंनी चिंधी सोडली. पाखरानं दोन्ही पंख पसरले, आबांचा चहा सांडला आणि धडपडत फ्रिजवर जाऊन बसलं. तिथून खिडकीकडं झेपावलं, पण पोचलं नाही. भिंतीला थडकून खाली आलं. कुशाबाईंनी वाकून बघितलं. डावा पंख नीट उघडत होता. दम तेवढा राहिला नव्हता. रविवारपर्यंत असंच बांधून ठेवलं, तर उरलाय तोही जायचा.

तेवढ्यात सर्जेराव दारात आले. समोर जमिनीवर भारद्वाज! त्यांनी चटकन डोळ्यांवर हात धरला.

“वहिनी, झाका, झाका! मी आत्ता घरला चाललोय, कामाला न्हाई. फुकट जाईल की माझं!”

“पूनम, पाटी!” आबा ओरडले.

पूनमनं पाटी उचलली, सासूकडं बघितलं आणि खाली ठेवली.

“डोळं उघडू का, आबा?” सर्जेराव.

“थांबा जरा.”

“किती थांबू? गाडी चालू ठिवलीय.”

आबांनी त्यांना दंडाला धरून, फाटकाच्या खांबाला न धडकवता, गाडीपर्यंत सोडलं. परत आले तेव्हा कुशाबाई पाखराला पदरात घेऊन उभ्या होत्या.

“उद्या उजाडलं की ह्याला वढ्याकाठी झुडपात सोडणार हाय मी, तिथं हिंडून दम येईल त्याला,” त्या म्हणाल्या. “पूनम, स्कुटी काढून ठेव. तुम्ही घरीच थांबायचं.”