पोचल्याचा दाखला

आमच्या ऑफिसात संध्याकाळी साडेसहाला कम्प्युटर बंद होतात, पण किस्से काही बंद होत नाहीत. काम म्हटलं तर अगदी कोरडं. दिवसभर तारखा, वेळा आणि पत्ते. पण एक माणूस म्हणतो "मी पाठवलं" आणि दुसरा म्हणतो "मले भेटलंच नाही", त्या दोघांच्या मधोमध खुर्ची टाकून बसलं की किस्से आपोआप साचतात. माझ्याकडे आता इतके साचलेत की माहेरी गेले की भाऊ पाण्याच्या आधी विचारतो, "नवीन काय?"

आधी काम सांगते, कारण माझ्या सासूबाईंना ते अजून कळलेलं नाही. त्या सगळ्यांना "सून कुरिअरमध्ये आहे" असं सांगतात! तर, कोणाला महत्त्वाची नोटीस ईमेलने पाठवायची असली की तो ती आमच्यामार्फत पाठवतो. आम्ही मजकुराचा डिजिटल ठसा घेतो. नंतर मजकुरात कोणी टिंबाएवढा जरी बदल केला तरी ठसा जुळत नाही. मग तो मेल कोणत्या पत्त्यावर किती वाजता पोचला याची नोंद ठेवतो, आणि भांडण झालं की दाखला देतो. पाठवणारा आमचा नाही, घेणारा आमचा नाही. दोघांच्या मधला तिसरा, तो आम्ही. आणि हे मुंबईहून नाही, अमरावतीहून! नोंदीची दुसरी प्रत अकोल्याच्या ऑफिसात असते. दोन्हीकडची नोंद जुळल्याशिवाय मॅडम सही करत नाहीत.

मॅडम म्हणजे प्रतिभा मॅडम. आधी कॉलेजात कम्प्युटर शिकवायच्या. चांगली नोकरी सोडून त्यांनी हे उभं केलं. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "वर्षा, आपल्यापाशी विकायले वस्तू नाही. शब्द आहे. तो एकदा खोटा ठरला की दुसऱ्या दिवशी बोर्ड उतरवायचा."

*

अकोल्याच्या ऑफिससाठी माणूस हवा होता. मुलाखतीला तीन इंजिनिअर आले, आणि बाबाराव आले. रिटायर्ड पोस्टमन. सायकल भिंतीला टेकवून आत आले, खिशाला दोन पेन.

"कम्प्युटर येतो का, बाबारावजी?" मॅडमनी विचारलं.

"नाही येत. शिकून घेईन. पण माह्या हातून एकही रजिस्टर टपाल चुकीच्या घरी गेलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

मॅडमनी त्यांनाच घेतलं! मला वाटलं, झालं आता. पहिल्या आठवड्यात मॅडम त्यांना शिकवत होत्या. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'डिलिव्हर्ड' आलं. बाबारावांनी चष्मा पुसला.

"कोणाले डिलिव्हर्ड?"

"समोरच्याच्या सर्व्हरनं घेतला ना मेल. तसं कळवलं त्यानं."

"म्हणजे पेटीत पडलं. मानसाच्या हातात नाही पडलं."

मॅडमनी दाखल्याचा मसुदा पुढे ओढला.

"मग पेटीत पडलं तेवढंच लिहा, मॅडम. हातात देल्लं असं लिहू नका. उद्या कोनी विचारलं तं आपन काय सांगू?"

त्या दिवसापासून आमच्या दाखल्यावर 'पत्त्यावर पोचला' एवढंच असतं. कोणी वाचला, कोणाला समजला, यावर आम्ही एक अक्षर बोलत नाही. दोन वकिलांनी तपासून दिलेला मसुदा आमच्या पोस्टमननी दुरुस्त केला!

*

अकोल्यातल्या एका दालमिलच्या शेठजींना त्यांच्या गोदामाच्या मालकाने आमच्यामार्फत नोटीस पाठवली. छपराचं काम काढायचंय, पंधरा दिवसांत माल हलवा. शेठजींची समजूत अशी, की मेल उघडलाच नाही तर तो आलाच नाही. आणि नुसतं तेवढ्यावर न थांबता ते स्वतः आमच्या अकोल्याच्या ऑफिसात लेखी अर्ज घेऊन आले. अर्जात काय? तर, "गोदामाच्या छपराच्या कामासाठी पंधरा दिवसांत माल हलवावा, अशी जी नोटीस आपल्यामार्फत आली, ती मला मिळालेली नाही व मी ती वाचलेली नाही."

बाबारावांनी अर्ज दोनदा वाचला. चेहऱ्यावरची रेघ हलू न देता त्यावर शिक्का मारला. "एक कॉपी तुमच्यापाशी ठेवा, शेठजी. वकीलसाहेबांले दाखवजा."

शेठजी खूश होऊन गेले. अर्ध्या तासात त्यांच्या वकिलांचा फोन. "अहो, तो अर्ज परत भेटेल का?"

"आता कसा भेटन, साहेब? पोचला ना तो!"

*

हा किस्सा सांगताना माझी मान आजही ताठ होते.

एका संस्थेने चिखलदऱ्याच्या एका मुलीला मुलाखतीचं बोलावणं आमच्यामार्फत पाठवलं. मुलगी आली नाही, जागा दुसऱ्याला मिळाली. मुलीने तक्रार केली. संस्था म्हणाली, आम्ही तर बोलावलं होतं, हवा तर दाखला आणतो. मी नोंद काढली. मुलाखत सोमवारी दुपारी बाराला, अमरावतीत. मेल पोचला त्याच सोमवारी, अकरा वाजून अडतीस मिनिटांनी! चिखलदऱ्याहून घाट उतरून परतवाड्यापर्यंत येईतो मुलाखत संपून चहा झाला असता.

संस्थेचे साहेब आमच्याकडे येऊन बसले. एकदम गोड आवाज. "मॅडम, वेळ कशाला टाकता? नुसती तारीख टाका. तारीख तं खरी आहे ना?"

"वेळ काढायची असंल तं तारीखही काढते," मॅडम म्हणाल्या. "आणि कोरा कागद देते. चालते का?"

साहेब वेळेसकट दाखला घेऊन गेले. त्या वेळेमुळेच मुलीची मुलाखत पुन्हा झाली आणि तिची निवड झाली. बाबाराव फोनवर म्हणाले, "टपाल पोचलं होतं हो. पोरीलेच पोचू द्याचं नव्हतं त्याइले."

पंधरा दिवसांनी ती मुलगी चिखलदऱ्याच्या कॉफीचा पुडा घेऊन आली. मॅडमनी हात जोडून परत केला. आमचा नियमच आहे, दोन्ही पक्षांकडून सुपारीचं खांडही घ्यायचं नाही. मी भडकलेच. "मॅडम, कॉफी म्हणजे काय लाच आहे का?"

"संस्थेवाल्यानं पेढे आणले असते तं घेतले असते का तू?"

मी पुडा परत दिला. देण्याआधी दोनदा हुंगला. तेवढी नोंद आमच्याकडे ठेवत नाहीत.

*

बाबारावांच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नात एक तरी पाहुणा "आमाले निवताच नाही" म्हणून रुसतोच. बाबाराव म्हणाले, यावेळी बंदोबस्त करतो. सगळ्या नातेवाइकांना पत्रिका आमच्या सिस्टिममधून ईमेलने, आणि प्रत्येकाचा दाखला फाइलला!

परतवाड्याचे मोठे मामा तरी रुसलेच. बाबारावांनी त्यांना फोनवर तारीख, वेळ, पत्ता सगळं वाचून दाखवलं.

"कागद आला, बाप्पा," मामा म्हणाले. "तू कुठी आला?"

दुसऱ्या दिवशी बाबाराव अक्षता घेऊन परतवाड्याच्या बसमध्ये होते.

*

मग आलं अकोल्याचं कोर्ट. आमचा दाखला पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रकरणात पुराव्याला लागला होता. तो टिकला नसता तर मॅडम म्हणाल्या होत्या तसा बोर्ड उतरवायचीच वेळ. समोरचे वकील तयारीचे. आधी बाबारावांना उभं केलं.

"डिजिटल ठसा कसा तयार होतो, सांगू शकता?"

"नाही, साहेब."

"मग तो जुळला हे कसं सांगता?"

"साहेब, पाकिटावर लाखेचं सील असे. ते फुटलं का शाबूत आहे, एवढं पाहाले लाख कशी बनते ते शिकावं लागत नोयतं."

कोर्टात हशा पिकला. मी तर टाळी वाजवणार होते, बाजूच्या बाईंनी हात धरला.

मग मॅडम उभ्या राहिल्या. वकील हसले नव्हते. "दोन खोल्यांचं ऑफिस तुमचं. वर कोणी बघणारं नाही. उद्या तुमच्या स्वतःच्या नुकसानीची गोष्ट आली, तर हा दाखला असाच निघेल का?"

"निघेल."

"कशावरून?"

मॅडमनी दाखल्यावरच्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. पण तशी वेळ तोवर कधी आलीच नव्हती. कोर्टाने आमचा दाखला मान्य केला, बाबारावांनी बाहेर सगळ्यांना चहा पाजला. पण परतीच्या गाडीत मॅडम बडनेरा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मी दाखला टिकल्याच्या पेढ्यांचा विषय काढला तर नुसतं "हं" म्हणाल्या.

*

आणि हा शेवटचा.

आमचं ऑफिस ज्या कॉम्प्लेक्समध्ये आहे, त्याची समितीही आपल्या नोटिसा आमच्यामार्फतच पाठवते. आमच्या दोन खोल्यांपैकी पुढची रस्त्यावरची. मोठी खिडकी, खिडकीवर आमचा बोर्ड. ती खोली मॅडमनी स्वतः रंगवली होती. समितीला तिथे लिफ्ट बसवायची होती. हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी कळवा, नाहीतर संमती धरू आणि बदल्यात मागे गल्लीकडची खोली देऊ, अशी नोटीस निघाली. आम्ही तेव्हा अकोल्याच्या कोर्टाच्या धावपळीत. नोटिसा सिस्टिममधून आपोआप जातात, मजकूर आम्ही वाचत नाही, आणि आमच्या पत्त्यावर आलेला मेल कोणी उघडलाच नाही. सतराव्या दिवशी लिफ्टवाला टेप घेऊन मोजमापाला आला, तेव्हा आम्हाला कळलं.

मीटिंग बसली. अध्यक्ष म्हणजे खालच्या मजल्यावरचे देशमुख काका, मॅडमना लेकीसारखं मानणारे. ते म्हणाले, "प्रतिभाताई, मेल भेटला नसंल तं तसं सांगा. नोटीस पुन्हा काढू. विषय संपला. कोनाची हरकत आहे का?"

कोणाचीच नव्हती. सगळे माना डोलवत होते. मी मॅडमच्या कानाशी लागले. "मॅडम, उघडला नव्हताच ना आपण. म्हणून टाका."

"वर्षा, नोंद काढ."

"मॅडम..."

"काढ म्हटलं ना."

मी काढली. मंगळवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. पत्त्यावर पोचला. मॅडमनी नियमाप्रमाणे अकोल्याला फोन लावला. बाबारावांनी वेळ लावला, बराच लावला. मग आवाज आला, "मॅडम, जुळते." आणि फोन ठेवता ठेवता, "खिडकी चांगली होती पन."

मॅडमनी दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि देशमुख काकांच्या हातात दिला. मला रडू आलं, लपवत नाही.

आता आम्ही मागे बसतो, गल्लीच्या बाजूला. बोर्ड दिसत नाही, नवीन माणूस झेरॉक्सवाल्याला विचारत येतो. त्या दाखल्याची एक कॉपी मी फ्रेम करून दाराशी लावली. मॅडम काढ म्हणाल्या, मी काढली नाही.

परवा गल्लीतून एक गृहस्थ विचारत विचारत आले. घामाघूम. अकोल्याच्या कोर्टातले तेच समोरचे वकीलसाहेब! मॅडम बाहेर गेल्या होत्या. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढची खोली काहून सोडली तुमी? मी पंधरा मिनिटं रस्त्यावर शोधून राहिलो!"

मी दाराशेजारच्या फ्रेमकडे बोट दाखवलं.

त्यांनी चष्मा चढवला आणि वरून वाचायला सुरुवात केली. पाठवणारा, समिती. विषय, लिफ्टसाठी पुढची खोली. पत्ता, प्रतिभा मॅडमचा. पोचला, चार वाजून बारा मिनिटं. खाली सही. सहीवरून त्यांची नजर पुन्हा वर पत्त्यावर गेली. तिथून परत सहीवर आली.

मग त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि बॅगेतून फाइल काढली.

"एक नोटीस पाठवाची होती," म्हणाले.