मामा, दोन सॉफ्टवेअरं आणि आत्याचं जेवण

माझ्या मैत्रिणीच्या मामांइतका निवड करणारा माणूस पनवेलातच काय, अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. लोक वस्तू विकत घेतात. मामा वस्तूची परीक्षा घेत, आणि बहुतेक वस्तू नापास होत. छत्री घ्यायची तर ती उघडून दुकानामागच्या नळाखाली जाऊन उभे राहत. चपला घेताना एका पायात एका कंपनीची आणि दुसऱ्या पायात दुसऱ्या कंपनीची घालून वडाळे तलावाला फेरी मारून येत, आणि तोवर दुकानदार बिचारा त्यांच्या जुन्या चपला राखत बसे. कलिंगडवाला तर त्यांना लांबून येताना पाहिलं की स्वतःहून एक फळ कापून ठेवी, वाद नको. मामी सांगत, "मला बघायला आले तेव्हा यांनी तीनदा चहा मागितला. मला वाटलं, तहान लागली असेल. हे बघत होते, तिन्ही वेळा साखर सारखी पडते का!" त्यावर मामा शांतपणे म्हणत, "पडली ना? मग झालं तर."

मामा इंजिनिअर. नोकरी सोडून नवीन पनवेलात छोट्या इमारती बांधायचे. मी जवळच्या विचुंबे गावची, कॉलेजात गेलेली आमच्या घरातली पहिलीच. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉम्प्युटरचा कोर्स केला, म्हणून मैत्रिणीने मला त्यांच्या ऑफिसात नेलं. मी तिथे फारसं बोलत नसे. तोंडातून 'आम्ही' निघेल की 'आमी', याचा भरवसा नसायचा. मामांनी पहिल्याच दिवशी मला 'सुरेखाताई' म्हटलं आणि शेवटपर्यंत तसंच म्हणत राहिले. कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या, असा त्यांचा नियम होता. एकदा लाइट गेली आणि पडदा काळा झाला, तेव्हा ते दबक्या आवाजात म्हणाले, "झोपलाय. उठवू नका."

त्या साली आमच्यावर मोठा बाका प्रसंग आला. एका सोसायटीची पहिली इमारत आम्ही बांधून दिली होती, पण तीनदा तारीख चुकवून. दुसऱ्या इमारतीच्या वेळी सोसायटीची कमिटी म्हणाली, महिनाअखेरीस कॉम्प्युटरवर केलेलं कामाचं वेळापत्रक घेऊन या, नाहीतर मुंबईची एक कंपनी तयार बसलेली आहे. ते काम गेलं असतं तर आमची टीम फुटली असती. आमचे सुपरवायझर तांडेलभाऊ उरणकडचे कोळी. त्यांना जासईच्या कंटेनर यार्डातून नोकरीचं बोलावणं आलंच होतं. "मामा, लवकर काय ते ठरवा," ते म्हणत. "तुमी सॉफ्टवेअर निवडंपरेंत मी तिकडं रिटायर व्हईन."

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सॉफ्टवेअरला आपण फक्त कामं सांगायची: कशानंतर काय, आणि कोण करणार. कधी काय होईल ते त्याने आखून द्यायचं. वाशीहून, बेलापूरहून विक्रेते फ्लॉप्या घेऊन आले. मामांनी प्रत्येकाला पोहे दिले आणि घरची चौकशी केल्यासारखे प्रश्न विचारले. "बिघडलं की कुणाकडे जातं? रागावतं का? मागच्या घरी किती दिवस टिकलं?" तिसरं सॉफ्टवेअर तर फ्लॉपीतून बाहेरच आलं नाही. मामा म्हणाले, "लाजाळू आहे. राहू दे." उरली दोन. आता परीक्षा कशी घ्यायची? इमारत बांधून बघायची तर दोन वर्षं जाणार. मामांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तांडेलभाऊंना विचारलं, "तुमच्या बहिणीचं लग्न येत्या रविवारी ना? तेच घालू आत. जे हळद आणि लग्न नीट आखेल, ते इमारतही आखेल."

माहिती भरायला मी बसले. तांडेलभाऊ समोर उभे.

"चौक कोण भरणार?"

"आमची आत्या."

"हळद कोण कुटणार?"

"आत्याच."

"चुलीकडे कोण?"

"आत्या बघील."

"धवले?"

"अगो, आत्या धवलारीन हाय. तिच्याबिगर लगीन लागंल का?"

मला ते ठाऊक होतं. आमच्याकडेही धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते तेव्हाच लग्नाचं एकेक पाऊल पुढे पडतं. पण मामांना ते नवीन होतं. ते अगदी उजळले. "म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर! लिहा, सुरेखाताई. आणि पाहुण्यांची भांडणं कोण सोडवणार?"

"ती पन आत्याच."

पहिल्या सॉफ्टवेअरने क्षणात उत्तर दिलं: लग्न सोमवारी. रविवारी त्याला सुट्टी होती. तांडेलभाऊ पोट धरून हसले. "नवऱ्या मुलाकडं कोन जाऊन सांगतंय? मामा, तुमीच जा." रविवारची सुट्टी काढून टाकल्यावर मात्र ते शहाण्या मुलासारखं वागलं. जे सांगू त्याला हो म्हणे. दुसरं मात्र हट्टी. त्याने आत्याच्या नावापुढे लाल पट्टी ओढली, ही व्यक्ती एकाच वेळी चार कामांवर आहे असं सांगितलं आणि त्यावर उपाय म्हणून लग्न पुढच्या आठवड्यात ढकललं. मामांनी त्याला समजावून पाहिलं, दरडावून पाहिलं. ते ऐकेना. "याला संसार कळत नाही," मामा म्हणाले. "पहिलं घेऊ." सोमवारी विक्रेत्याला होकार कळवायचा, असं ठरलं. इतक्या लवकर मामांची निवड झाल्याचं ऐकून मामींनी शिरा केला.

शनिवारी संध्याकाळी आम्ही हळदीला गेलो. मामांच्या काखेत प्रिंटरच्या भोकाभोकांच्या कागदाची लांबलचक गुंडाळी. मांडवात ती उलगडत ते एकेका कामावर खूण करू लागले. मांडव झाला, चौक भरला, बँड आला. पोरं कागदाच्या दुसऱ्या टोकाला धरून पळू लागली. सगळं पहिल्या सॉफ्टवेअरने सांगितलं तसंच चाललं होतं, आणि मामांच्या चेहऱ्यावर स्वतःच्याच मुलीचं लग्न असल्यासारखं समाधान होतं. आत्या, पाचवारी साडीची उंच, ताठ बाई, एका हाताने हळद ढवळत होती, दुसऱ्या हाताने कुणाला तरी दटावत होती आणि तोंडाने धवला म्हणत होती. मध्येच तिचा आवाज फाटला. मग नुसती हवाच यायला लागली. ती खाली बसली. बँड थांबला, नवरीला हळद लावणारा हात तसाच राहिला.

मामा धावत गेले. "काय झालं आत्याबाई? इथे तर तुम्ही धवल्यावर आहात," त्यांनी कागद पुढे केला.

आत्याने तो कागद खालपासून वरपर्यंत पाहिला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "या एवड्या मोट्या कागदावं माजा जेवाचा टायम कुठं हाय, दादा? सकालपासून पोटान चाय बी नाय गेली."

कागद माझ्या हातात देऊन मामा सरळ चुलीकडे गेले, तांदळाची भाकरी आणि कालवण घेऊन आले आणि आत्यासमोर ताट ठेवून पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. जो कोणी "आत्या, ते..." करत येई, त्याला ते हात आडवा करून म्हणत, "आत्याबाई जेवताहेत. नंतर या." पण मांडव खोळंबला होता. तांडेलभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "सुरेखा, तुमच्या गावाला हेच धवले ना? म्हन की!" मी हातातला कागद गुंडाळून ठेवला. मग मी म्हणायला लागले, घरी म्हणते तसे, घरच्याच बोलीत. दोन कडव्यांनंतर बायकांनी उचलून धरलं. आत्या घास चावत मान डोलवत होती, चुकलं की बोट वर करत होती. असं मोठ्याने मी त्याआधी घराबाहेर कुठेच बोलले नव्हते.

परत येताना मामा म्हणाले, "ते हट्टी होतं ना, ते खरं बोलत होतं. आपण त्यालाच अडाणी म्हटलं." सोमवारी त्यांनी दुसरं घेतलं. त्यात इमारतीची कामं भरली तर तांडेलभाऊंच्या नावापुढे आत्यापेक्षाही लांब लाल पट्टी आली. "अरेरे," मामा म्हणाले, "तीनदा तारीख चुकली ती इथे." त्यांनी आणखी एक सुपरवायझर धरला, सगळ्यांची जेवणाची सुट्टी आत घातली, आणि मुंबईच्या कंपनीपेक्षा दीड महिना उशिराची तारीख घेऊन आम्ही कमिटीपुढे गेलो. तांडेलभाऊ दाराशी नखं खात उभे. कमिटीतल्या एक बाई कागद बघत म्हणाल्या, "उशिराची तारीख देणारा पहिलाच कंत्राटदार पाहिला. आणि हे जेवण कशाला लिहिलंय?"

"माणसं जेवतात," मामा म्हणाले, "म्हणून."

काम आम्हालाच मिळालं. जासईला तांडेलभाऊंनी नकार कळवला, आणि इमारत दिलेल्या तारखेला उभी राहिली.

आता माझं बी.कॉम. होऊन गेलंय. मामा मुलाकडे बडोद्याला राहायला गेले. जाण्याआधी आठवडाभर ते ऑफिसातल्या एकेका खुर्चीवर बसून कुठली न्यावी ते ठरवत होते, आणि शेवटी एकही नेली नाही. ऑफिस तांडेलभाऊ बघतात, वेळापत्रक मी. नव्या कामाची फाइल मी अजून मामांच्या त्याच जुन्या फाइलवरून करते; हळदीनंतर मामांनीच घातलेली तिची पहिली ओळ आहे 'आत्याबाई – जेवण'. ती पुसली तरी काही बिघडणार नाही, पण हात धजत नाही. दुपारी एक वाजला की मी डबा उघडते. कुणी काम घेऊन आलंच तर मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे नजर जाते. कुणीतरी हात आडवा करून म्हणेल, असं वाटतं, "सुरेखाताई जेवताहेत. नंतर या."