सदर महिला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मध्येच थांबले तर पुढचं सांगायचा मला धीर व्हायचा नाही. चारचौघांत स्वतःची शोभा खूप जण करून घेतात. पण त्यासाठी माईक भाड्यानं आणणारी मी एकटीच असेन!

मी आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीची सेक्रेटरी. लायब्ररीतून निवृत्त झाले, पण वर्गवारीची खोड काही जाईना. तिथं पुस्तकं होती, इथं कचरा. आणि सभासद काय एकेक! ओला म्हणजे काय, सुका म्हणजे काय, चार वेळा नोटीस लावली. तरी तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर मला विचारतात, "तांबोळी मॅडम, धुतलेली दुधाची पिशवी ओली की सुकी?" आता काय बोलायचं? ह्यांच्या भरवशावर म्हणे परदेशातल्या बँका चालतात!

तर एका सकाळी दार उघडलं, आणि माझी कचऱ्याची बादली जशीच्या तशी दारात. वर कचरेवालीची चिठ्ठी: 'वेगळा करून ठेवा.'

मला? सेक्रेटरीला?

झालं होतं काय, आदल्या दिवशी पाहुणे होते. बिर्याणीच्या हाडांबरोबर घाईत चार कागदी प्लेटा आणि एक फुटका ग्लास गेला. एखाद्या वेळी होतं की नाही माणसाचं? मी तडक कागद घेतला आणि वॉर्ड ऑफिससाठी तक्रार लिहिली. 'सदर महिला उर्मट असून सभासदांशी सौजन्याने वागत नाही. तरी तिच्या जागी अन्य महिला नेमावी, ही विनंती.' आमच्या ह्यांना वाचून दाखवली.

हे म्हणाले, "अगं, पण चूक आपलीच ना?"

नवऱ्यांचं काय मनावर घ्यायचं!

त्याच आठवड्यात रविवारी मी पार्किंगमध्ये कचरा वर्गीकरणाचं मार्गदर्शन ठेवलं होतं. 'कुणीतरी जाणकार पाठवा,' असं वॉर्ड ऑफिसला बजावलं होतं. दहाच्या ठोक्याला एक बाई आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, चष्मा, हातात फाईल. म्हटलं, अधिकारी असावी तर अशी! पहिल्या रांगेत बसवलं, ठेवणीतल्या कपात चहा दिला, आणि शेजारी बसून माझं गाऱ्हाणं सुरू केलं.

"मॅडम, तुम्ही शिकवाल हो, पण आमची ती कचरेवाली! काय तिचा तोरा!"

"अस्सं? नाव काय तिचं?"

"नाव कोण विचारतंय! कचरेवाली."

"दिसायला कशी आहे?"

"काय माहीत? तोंडाला सदा स्कार्फ गुंडाळलेला."

"नवीन आहे का?"

"छे हो, सात वर्षं येतेय!"

बाई चहाचा घोट घेऊन नुसतं "हं" म्हणाल्या. मागे आमचा वॉचमन तोंडावर रुमाल धरून खोकत होता. मला वाटलं, धूळ गेली असेल. मी पर्समधून तक्रार काढून बाईंच्या हातात ठेवली. "तुमच्या हातून वर पोचली तर लवकर काम होईल."

"नक्की पोचवते," त्या म्हणाल्या आणि कागद फाईलला लावला.

मग मी माईक हातात घेतला. 'थोर तज्ज्ञ' म्हणाले. 'गाढा अभ्यास' म्हणाले. 'आपलं भाग्य' म्हणाले. कुणी सांगितलं होतं हो इतकं बोलायला?

बाई उठल्या. "नमस्कार. मी सुनंदा. ह्याच सोसायटीचा कचरा मी सात वर्षं उचलते. वॉर्ड ऑफिसनं सांगितलं, तुझ्याइतकं जाणकार कोण आहे, तूच जा."

टाळ्या पडल्या. मी सोडून सगळ्यांनी वाजवल्या. म्हणजे धुतलेल्या पिशवीवर अडणाऱ्या त्या इंजिनिअरनंसुद्धा तिला ओळखलं होतं!

तिनं डाव्या हाताचं बोट वर केलं. पट्टी होती. "फुटकी काच वेगळ्या कागदात बांधून द्या. परवा एका बादलीत हात घातला तर हे झालं. तेव्हापासून गाडी एका हातानं ढकलतेय." कुणाची बादली, ते बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं! मी खुर्चीत इतकी खाली घसरले की आमचे हे म्हणाले, "चक्कर येतेय का?"

संपल्यावर मी तिच्यामागे धावले. "तो कागद परत द्या हो!"

"का? विश्वासानं दिलाय तुम्ही. माझ्याविरुद्ध असला म्हणून काय झालं, पोचवायला नको?" तिनं चष्मा सारखा करून सगळा वाचला. "अक्षर सुरेख आहे मॅडम तुमचं. शुद्धलेखनही चोख."

मी तो ओढून घेतला आणि तिच्यासमोरच टराटरा फाडला.

"सुक्यात टाका," ती म्हणाली आणि निघाली.

दिवसभर तेच डोक्यात. सात वर्षं रोज दारात येणारी बाई, आणि मला तिचं नाव ठाऊक नाही! बोट कापलं ते माझ्या ग्लासानं, आणि नोकरी घालवायला निघाले तिचीच!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी उभी. हातात थर्मास आणि मलमाची ट्यूब. ढकलगाडी आली. तोच निळा एप्रन, तोच स्कार्फ. मी पुढे होऊन तिचा हातच धरला. "सुनंदाताई, माझं चुकलं. ती काच माझ्याच घरची. मी तुम्हाला माणूस म्हणून कधी नीट बघितलंच नाही. पण आता जन्मात विसरायची नाही!" डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, खोटं कशाला सांगू!

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग स्कार्फ खाली केला.

"मी तिची जाऊ. बोट दुखतंय म्हणून आज तिच्याऐवजी मी आले. निरोप सांगते की. पण कुठल्या मॅडम म्हणून सांगू? मला तर बाई, तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता!"