‘आज राग कुणाचा आला?’ असे विचारणारे डॉक्टर

डॉ. त्र्यंबकराव गोरे यांची आणि माझी पहिली भेट भांडणावर यायची राहिली. पुण्यात परिचारिकेचे शिक्षण संपवून मी भोरला त्यांच्या मनोरुग्णालयात नोकरी मागायला आले होते. मी पुढे केलेली प्रशस्तिपत्रे बाजूला सारून त्यांनी विचारले, “कामावरून घरी गेल्यावर काय करता?” इथे नोकरी आहे की सोयरीक, असे अगदी माझ्या ओठांवर आले होते. “स्वयंपाक करते, जेवते, झोपते,” मी फणकाऱ्याने म्हटले. “झोप लागते ना? मग उद्यापासून या,” असे म्हणून डॉक्टर उठलेसुद्धा.

त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढे कळला. नदीकाठच्या त्या बैठ्या इमारतीत एक शिरस्ता होता. पाळी संपली की घरी जाण्याआधी सर्वांनी ओट्यावर बसायचे आणि डॉक्टरांनी एकेकाला विचारायचे, “आज राग कुणाचा आला?” कुणी एखाद्या रुग्णाचे नाव घेई, कुणी बिनदिक्कत माझे. राग घरी नेला की झोप उडते, असे ते म्हणत. बोलल्याबद्दल शिक्षा नसे. दुसऱ्या दिवशी काम तेवढे बदलून मिळे.

पहिल्याच वर्षी एका रुग्णबाईंनी गरम पेज माझ्या अंगावर फेकली. संध्याकाळी मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, “मला कुणाचाच राग आला नाही.” मला वाटले, आता शाबासकी मिळणार. डॉक्टर म्हणाले, “बाई, उद्यापासून आठवडाभर रजा घ्या. पगार चालू राहील.” नोकरी गेली असे समजून मी वरवे बुद्रुकला आईवडिलांकडे जाऊन ढसाढसा रडले. परत आल्यावर त्यांनी समजावले, “पेज अंगावर पडूनही ज्याला राग येत नाही, तो थकून बधिर झालेला असतो. बधिर माणसाच्या हाती मी रुग्ण कसा देऊ?” आमच्याकडे रुग्णावर हात उगारला जात नसे, याचे श्रेय मी या ओट्याला देते. आमच्या अंगी साधुत्व होते, असे मुळीच नाही.

मग लढाईचे दिवस आले. दोन सेवक फौजेत भरती झाले, औषधे मिळेनाशी झाली आणि डॉक्टर दोन्ही पाळ्या स्वतः करू लागले. त्यातच आमच्याकडून बरी होऊन वेल्ह्याकडे सासरी गेलेल्या यमुनेने विहिरीत जीव दिल्याचे कळले. डॉक्टरांनी निरोप ऐकून घेतला आणि रुग्णांची फेरी पूर्ण केली. त्यानंतर त्यांचे जेवण तुटले, बोलणे मात्र पहिल्याहून गोड झाले. डॉक्टर हातचे जातात की काय, अशी धास्ती आम्हाला वाटू लागली. तरीही सर्वांना विचारणाऱ्या माणसाला उलट विचारावे, हे आम्हा शहाण्यांपैकी कुणालाच सुचले नाही.

शेवटी एका संध्याकाळी मीच तोंड उघडले. “डॉक्टर, आज तुम्हाला कुणाचा राग आला?”

“कुणाचाच नाही हो, बाई.”

“मग रजा,” मी म्हटले.

ते हसले. “आणि दवाखाना कोण पाहील?”

“आम्ही आहोत की. अडलेच तर गावात दुसरे डॉक्टर आहेत.”

आमचा जुना सेवक धोंडीबा पासलीचा. तो पुढे सरकला. “सायेब, उद्या माज्यासंगं गावाकडं चला. आवणी सुरू हाय. चिखलात हुबं ऱ्हावा, भात लावा, भाकर खावा. तितं तुमाला कुनी काय इचारनार न्हाई.”

डॉक्टर बैलगाडीने आणि पुढे पायी पासलीला गेले. लावणी उरकूनच परतले, ते उन्हापावसाने रापून आणि पायांना चिखल्या घेऊन. त्याच संध्याकाळी ते ओट्यावर आमच्या रांगेत बसले आणि कुणी विचारण्याआधीच म्हणाले, “मला यमुनेचा राग आला आहे. चांगली बरी होऊन गेली होती. जड वाटत होते, तर येऊन मला सांगायचे होते तिने.” एवढे बोलून ते सर्वांसमक्ष रडले. आम्हीही रडलो. दुसऱ्या सकाळी ते नेहमीच्या वेळी कामावर हजर होते आणि आमटीत मीठ कमी म्हणून स्वयंपाक्यावर मनसोक्त खेकसले. मला इतके बरे वाटले म्हणून सांगू!

मी नावाजलेले पुष्कळ वैद्य पाहिले. आपल्या हाताखालच्या माणसांचा हुकूम मानणारे हे एकच पाहिले. त्यांच्यापाशी शिकलेली आम्ही माणसे आज दवाखाना समर्थपणे चालवतो, हे मी छातीठोकपणे सांगते.

डॉक्टरांना उदंड आयुष्य देणे आमच्या हाती नाही. ते परमेश्वराने द्यावे, अशी त्याच्या चरणी प्रार्थना. मात्र ते निरोगी आणि सुखाचे जावे, ही जबाबदारी आम्ही स्वतःकडे घेतली आहे. ती परमेश्वरावर टाकणार नाही, आणि डॉक्टरांवर तर मुळीच नाही.